बुवांना भाव आला

या, असे पुढं सरकून बसा. पंख्याचा आवाज मोठा आहे आणि माझा आता लहान झालाय. एक आख्यान सांगतो. पोथीतलं नाही, माझ्याच पोटातलं आहे. हसा, हसा. मीही हसायचा प्रयत्न करतो, अजून पुरता जमत नाही.

रामनवमी होती. कृष्णाकाठच्या एका गावात, रामाच्या देवळापुढच्या मांडवात जन्माचं कीर्तन चाललं होतं. गावाचं नाव घेत नाही, तिथली माणसं अजून मला प्रेमानं बोलावतात. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, अंगात पांढरा अंगरखा, डोक्यावर पगडी, हातात चिपळ्या. पेटीवर माझी बायको कुमुद. आमचा एक शिरस्ता होता. मी मधेच थांबलो तरी पेटीनं थांबायचं नाही, सूर धरून ठेवायचा. बुवाच्या तोंडाकडं बघत राहायचं आणि तो पुन्हा उठला की त्याला उचलून घ्यायचं. एवढ्या वर्षांत तिचा सूर कधी तुटला नव्हता.

कौसल्येच्या महालाचं वर्णन रंगात आलं होतं. समोर फुलांनी मढवलेला पाळणा, बायांच्या मुठीत गुलाल, आणि अण्णा देसाई, म्हणजे उत्सव समितीचे अध्यक्ष, घड्याळाकडं बघून मला डोळ्यांनी सांगत होते, बुवा, आवरतं घ्या, बाराला जन्म व्हायला हवा.

तेवढ्यात पोटात काहीतरी पेटलं.

बेंबीच्या वर, बरगड्या जिथं दुभंगतात तिथं कुणी निखारा ठेवावा तसं. वाटलं, पित्त असेल. आदल्या दिवशी अण्णांकडं पुरणपोळी झाली होती. कीर्तनकाराला वाढप्याला नाही म्हणता येत नाही, तूप तर पोळी बुडेपर्यंत. असं जेवण झालं की उजव्या बरगडीखाली धरायचं मला, दोन वर्षं धरत होतं. ओवा आणि सोडा घेतला की तासा-दोन तासांत उतरायचं. हे मात्र उतरेना. निखारा पाठीत शिरला. पोटातून घातलेली तापली सळई पाठीच्या कण्याशी बाहेर यावी, अशी कळ. पगडीखालून घामाची धार लागली.

नारदाच्या गादीवर उभं राहिल्यावर आख्यान पुरं केल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं होतं. मी बोलत राहिलो. बाराला शंख वाजला, गुलाल उडाला, आणि माझे गुडघे मोडले. पाळण्यापुढं मी गुडघ्यांवर आलो आणि कपाळ पुढं टेकवलं. का टेकवलं, तर वाकल्यावर कळ थोडी सैल झाली, एवढ्याचसाठी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बुवांना भाव आला!" अण्णा ओरडले.

मांडव उसळला. टाळ्या, झांजा, नामाचा गजर. मागून माणसं माझ्या पावलांना हात लावू लागली. एका म्हातारीनं नातवाचं डोकं माझ्या टाचेवर टेकवलं. माझ्यावर मुठी-मुठींनी गुलाल पडत होता आणि पेटी सूर धरून होती.

आणि मांडवाच्या टोकाला, चपलांचा ढीग असतो तिथून एक आवाज आला. "अवो, भाव न्हवं त्यो! बुवांच्या पोटात कळ आलीया! गाणं थांबवा!"

"सर्जा, गप बस! सकाळीच टाकून आलायस वाटतं?"

लोक हसले. कुणीतरी त्याला ढकललं असणार, चपला पायाखाली आल्याचा आवाज झाला. मी ते सगळं ऐकलं. एक शब्द बोललो असतो तर गजर थांबला असता. मी बोललो नाही. भाव आलेला बुवा पोट धरून उठला, तर काय दिसेल ते? मी कपाळ टेकवूनच राहिलो.

देवळामागच्या ओवरीत मला नेलं, तेव्हा आडवं पडवत नव्हतं. पाठ टेकली की सळई फिरायची. लोड पोटाशी घेऊन, पुढं ओणवा होऊन बसलो तर त्यातल्या त्यात बरं. उलटी झाली, पुन्हा झाली. पित्त पडून गेल्यावर जी सुटका होते ती काही होईना. गावातले डॉक्टर आले, घाईत होते. म्हणाले, "आम्लपित्त आहे. उन्हातान्हात उभं राहून उपाशीपोटी ओरडायचं, दुसरं काय होणार?" इंजेक्शन दिलं आणि प्रसादाच्या पंगतीला गेले.

दाराशी तोच मघाचा सर्जा, सर्जेराव, येऊन उभा राहिला होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लाल कोट, त्याची सोनेरी झालर एका बाजूला उसवलेली. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं पुढं. आत यायला त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलला.

"वैनी, त्येनला निजवू नका. असंच वाकून बसू द्या. बुवा, कळ पाठीतनं आरपार जातीया न्हवं?"

मी मान हलवली.

"आन ओकून बी मोकळं वाटंना?"

"हो."

"मग म्या सांगतो त्ये ऐका. मला दोन डाव झालंया ह्ये. स्वादुपिंड म्हणत्यात त्येला. पोटाच्या मागं असतंय. त्ये सुजतंय. दुसऱ्या खेपंला तर म्या मरत हुतो. ह्येनला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात घालवा."

कुमुद उठलीच. पण तो भला माणूस तेवढ्यावर थांबला नाही. आवाज खाली आणून, खरोखरच्या काळजीनं त्यानं विचारलं, "बुवा, रागावू नका. चोरून घेता काय?"

"काय घेतो?"

"न्हाई म्हंजी... डाक्टर मला म्हनला हुता, ह्यो दारूचा रोग हाय."

ओवरीत अण्णा होते, तबलजी होता, पाणी घेऊन आलेल्या दोन बाया होत्या. सगळे एकदम गप्प झाले. पोटातल्या कळेहून ती शांतता मला जास्त लागली. मी होता नव्हता तेवढा जोर करून म्हणालो, "तुझा रोग मला कसा होईल रे? तोंड सांभाळून बोल. जा इथून."

सर्जेराव गेला नाही. दोन पावलं मागं सरला फक्त.

"अण्णा, तुमची जीप काढता का?" कुमुद म्हणाली.

अण्णांनी उपरणं नीट केलं. "जीप... म्हणजे संध्याकाळी पालखीला लागेल ती, वहिनी. आणि मी काय म्हणतो, आता यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तिथं ते काहीबाही विचारणार, कागदावर लिहिणार. बुवांचं नाव आहे पंचक्रोशीत. उद्यापर्यंत उतरेलसुद्धा."

"उतरेल," मी म्हणालो. "मला कुठं जायचं नाही."

आता सांगतो ते नीट ऐका. मला भीती मरणाची नव्हती. मला भीती होती ती या दोन बाया विहिरीवर काय बोलतील त्याची. दारूचा थेंब मी कधी जिभेला लावला नव्हता, आणि तरी असा बसलो होतो, जणू बाटली माझ्या अंगरख्यातच सापडणार होती. दुपार कलली. तोंड वाळलं, पोट फुगून टणक झालं, नाडी धावायला लागली. बोलावलं तर उत्तर द्यायला मला वेळ लागू लागला.

कुमुदनं माझा हात हातात घेतला, तो गार लागला असावा. ती ताडकन उभी राहिली.

"अहो, लाज मोठी की मी?"

मी लोडात तोंड खुपसलं.

"मग मी ठरवते." ती दाराकडं वळली. "सर्जेरावदादा, कुठला दवाखाना? आणि तिथवर जायला काही मिळेल?"

"आमचा टेंपो हाय, वैनी. पर तुमास्नी सोबायचा न्हाई."

टेंपो दाराशी आला. दोन्ही बाजूंना रंगीत अक्षरांत बँडचं नाव, वर बल्बांची माळ, आत ट्रंपेटं, ताशे आणि एक मोठा ढोल. रामाच्या उत्सवातला कीर्तनकार, पायापासून शेंडीपर्यंत गुलालात रंगलेला, त्यात चढवला गेला. रस्त्यावरची पोरं नाचतच मागं धावली, त्यांना वाटलं वरात निघाली.

"बुवा, ढोलावर ओनवं व्हा," सर्जेराव म्हणाला. "पोट ढोलाला लावा, डोस्कं खाली सोडा. म्या धरतो."

मी त्या ढोलाला मिठी मारली. खड्डा आला की ढोल घुमायचा, तो आवाज पोटात जायचा, आणि पाठीवर त्याचा हात असायचा. हाताला दारूचा वास होता. मी तोंड दुसरीकडं वळवलं, एवढं बळ होतं मला अजून.

दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी पोटावर नुसती बोटं टेकवली आणि मी किंचाळलो. छातीची ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठीक होतं. रक्त काढून पाठवलं, हाताला सलाइन लावलं, कळेवरचं औषध दिलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, आधी हा गुलाल पुसा. याच्याखाली माणूस कसा आहे ते दिसू दे मला."

सिस्टरनं ओल्या कापसानं माझं तोंड पुसलं. डॉक्टर वाकल्या, माझी पापणी ओढून बघितली. "डोळे पिवळे आहेत. लघवीचा रंग?"

"कालपासून गडद," कुमुद म्हणाली. "मला वाटलं, उन्हानं."

"बारा वाजल्यापासून दुखतंय आणि आत्ता आणताय?" कुमुद खाली बघू लागली. डॉक्टर माझ्याकडं वळल्या. "दारू घेता?"

झालं. जे ऐकायचं नव्हतं म्हणून दुपार घालवली, ते आलंच. खोलीत आता अण्णाही होते. मागून मोटरसायकलवर बसून आले होते, आणि माझ्या उत्तराकडं कान लावून उभे होते.

"नाही," मी म्हणालो.

"थोडी? कधीतरी?"

"नाही हो!"

"चिडू नका. मी सगळ्यांना विचारते, कीर्तनकारांना विचारते आणि मौलवींनाही. तुमचं पुण्य मोजत नाही मी, कारण शोधतेय. या दुखण्याची दोन कारणं जास्त दिसतात. एक दारू, दुसरं पित्ताचे खडे. खरं सांगितलंत तर उपचार नीट होतील."

"खरंच सांगतोय."

अण्णा हळूच म्हणाले, "डॉक्टर, तसं आम्हाला बुवांचं खाजगी काही ठाऊक नाही..."

त्या एका वाक्यानं मी नागडा झालो. नऊ वर्षं त्या माणसाच्या घरी जेवत होतो मी.

मग भिंतीशी उभा असलेला सर्जेराव पुढं आला. कोटाची झालर चाचपत होता.

"म्याडम, बुवा पीत न्हाईत."

"तुम्ही कोण? नातेवाईक?"

"न्हाई, म्या बँडवाला. म्या पितो. रोज पितो. खोटं कशाला बोलू, दोन डाव ह्याच वार्डात हुतो, तुमच्या आधीच्या डाक्टरच्या येळंला."

"मग यांचं तुम्हाला काय माहीत?"

"दुपारी म्याच इचारलं त्येनला, चोरून घेता काय म्हनून. चुकलं माझं. टेंपोत बसल्यावर ध्यानात आलं." तो माझ्याकडं न बघता, अगदी साधेपणानं म्हणाला, "पीत असते तर परवाच्याला मला हसले नसते."

डॉक्टरांना त्याचा अर्थ कळला नाही. कुमुदला कळला. अण्णांना कळला. मला कळला.

आता तुम्हालाही सांगायला हवा. नवमीच्या दोन दिवस आधी माझ्या पूर्वरंगाचा, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणाचा, विषय व्यसन होता. दारुड्याची नक्कल मी झकास करायचो. त्या संध्याकाळी मांडवाच्या टोकाला, चपलांपाशी, हा लाल कोट दिसला. मी चिपळी त्याच्याकडं रोखली. म्हणालो, "दृष्टांत लांब कशाला शोधायचा, मंडळी? तो बघा, चालता-बोलता, नव्हे, डुलता-झुलता दृष्टांत!" हजार डोकी मागं वळली. त्याच्यासारखा झोकांड्या खात मी गादीवरून दोन पावलं चाललो, त्याच्या क्लॅरिनेटचा बेसूर काढून दाखवला. लोक पोट धरून हसले. त्याची बायको बायकांत बसली होती, हे मला नंतर कळलं. तो मात्र उठून गेला नाही. दुसऱ्या दिवशी आला, रामनवमीलाही आला. त्याला कीर्तन आवडायचं, एवढंच.

रक्ताचा कागद आला. डॉक्टर म्हणाल्या, "लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा पाचक रस, रक्तात कितीतरी पटींनी वाढलंय. अशी कळ आणि तिपटीहून जास्त आकडा, म्हणजे शंका उरली नाही. स्वादुपिंडाला सूज आहे." मग त्यांनी सोनोग्राफी केली. पोटातल्या वायूमुळं स्वादुपिंड धड दिसेना, पण पित्ताशय दिसलं. त्यांनी पडदा कुमुदकडं वळवला. "हे बघा. खडे. एखादा घसरून नळीत अडकलाय. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात एकाच तोंडाशी उघडतात. तोंड बुजलं की अन्न पचवणारा रस आतच कोंडतो आणि स्वतःच्याच पिंडाला जाळायला लागतो. तुपाचं जेवलं की उजवीकडं दुखायचं ना यांना?"

"दोन वर्षं," कुमुद म्हणाली.

"तेव्हाच दाखवायचं होतं."

अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे दारूचं नाही! मी म्हणतच होतो!" बाहेर जाऊन त्यांनी गावात निरोप धाडला असणार. माझं नाव धुऊन निघालं. मी भिंतीकडं बघितलं. त्या बातमीनं तिथल्या एका माणसाचं काहीच बदललं नव्हतं. त्याला झाला तो रोग दारूचाच होता, आणि कळ माझ्याएवढीच होती.

तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असा हुकूम झाला. दोन दिवस मी शुद्धीच्या आत-बाहेर होतो. श्वास लागायचा. दुर्बीण घालून अडकलेला खडा काढला, मग सूज उतरू लागली. पित्ताशय त्याच मुक्कामात काढून टाकलं. हे मी एका श्वासात सांगतोय, कुमुदला विचाराल तर ती सांगणारच नाही, उठून आत जाईल.

खडा निघाल्यावरच्या दुपारी सर्जेराव खाटेपाशी आला. स्टुलावर बसला नाही, उकिडवा बसला.

"काय बुवा, डाक्टरनं निर्जळी एकादशी लावली जणू?"

"हो." माझा घसा कोरडा होता. "सर्जेराव, त्या दिवशी मी तुम्हाला..."

"बुवा, मला अहोजाहो करू नका, वार्डातली मानसं भितील."

"नाही, पण ऐका. माझ्याकडून..."

"त्ये ऱ्हाऊ द्या वो." त्यानं हात असा झटकला, जणू माशी होती. "म्या दुसरं इचारायला आलुया. राम जन्माला आला, तुम्ही वाकला, फुडं पाळणा झालाच न्हाई. मला तर चपलांतनं भाईर काढलं हुतं. पाळण्याचं काय?"

मला गाता येत नव्हतं. कुमुदनं खाटेच्या कडेवर बोटं ठेवली, जणू पेटीच आहे, आणि अगदी हळू पाळणा म्हटला. तो उकिडवा बसून, डोळे मिटून, बोटांनी नसलेल्या क्लॅरिनेटच्या भोकांवर सूर धरत होता. एकही बोट चुकत नव्हतं. बेसूर म्हणे!

पुढच्या वर्षी त्या गावानं पुन्हा बोलावलं. मांडवात मी त्याला पुढं बसवायला माणूस पाठवला. त्यानं निरोप धाडला, "हितनं बरं दिसतं." मग मीच गादीवरून उतरलो. गुरूंची आज्ञा मोडून, कीर्तन चालू असताना, गर्दीतून चपलांपर्यंत गेलो. मनात होतं, सगळ्यांसमोर पाया पडावं. त्यानं माझा हात धरला आणि कानाशी पुटपुटला, "बुवा, नगा. पुन्यांदा समदी मागं वळून बघत्यात." हजार डोकी खरंच वळली होती. मी तसाच परतलो. त्याला दुसऱ्यांदा दृष्टांत करायला निघालो होतो मी.

दारू सोडायचा त्यानं प्रयत्न केला. तीन महिने सोडलीही. डॉक्टर मुजावरांनी बजावलं होतं, आणखी एकदा झालं तर हाती लागणार नाहीस. त्या दिवाळीनंतरच्या लग्नसराईत तिसऱ्यांदा झालं. तो ढोलावर ओणवा होता, पण कळ म्हणजे काय ते ठाऊक असलेलं कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवायला नव्हतं. त्यातून तो उठला नाही. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात, एका मोठ्या मांडवात, लोकांना हसवत होतो. दारुड्याची नक्कल सोडून बाकी सगळ्या नकला अजून करायचो मी.

झालं आख्यान. सुंठवडा घ्या, पदरात घ्या, लेकरांना द्या. आणि एक मागणं आहे. बाहेर पडाल तेव्हा वाकून चपला शोधाल ना, तेवढ्यापुरतं, वाकलेलेच असाल तोवर, सर्जेराव बँडवाल्याची आठवण काढा. कुणाला न सांगता काढा. त्याच्याकडं वळून बघू नका.